चमच्यात मावलेला टोमॅटो

होळी उलटली आणि ऊन तापू लागले, की घरोघरी वाळवणाची लगबग सुरू होते. पापड, कुरडया, सांडगे, सालपापड्या ही त्यातली जुनी मंडळी. कोकणात आमसुले आणि आंबोशी असतात, तर देशावर गवार, मेथी आणि वांग्याच्या फोडी वाळत पडतात. अलीकडे या पंक्तीत टोमॅटोही येऊन बसला आहे. त्याचे कारण उघड आहे. नाशिककडचा आणि नारायणगावचा माल एकदम बाजारात आला, की दहा रुपयांत किलोभर टोमॅटो मिळतो आणि शेतकऱ्याला तोडणीचा खर्चही सुटत नाही. काही महिन्यांनी तोच टोमॅटो परवडेनासा होतो. जुलै २०२३ मध्ये किरकोळ बाजारात त्याने किलोला शंभर रुपयांचा टप्पा कधीच ओलांडला होता, हे आपल्याला आठवत असेल. स्वस्ताईच्या दिवसांत चार-पाच किलो टोमॅटो वाळवून ठेवावा, असे कोणत्याही संसारी माणसाला वाटणे स्वाभाविक आहे.

दवाखान्यात या दिवसांत मला तीन प्रश्न हमखास विचारले जातात. घरी वाळवलेला टोमॅटो किती दिवस टिकतो? त्यातले सत्त्व राहते का? आणि आमच्या घरातल्या ज्येष्ठांना तो चालेल का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे सोपी आहेत. तिसऱ्याचे उत्तर मात्र घरागणिक, किंबहुना माणसागणिक वेगळे आहे. आजचा लेख प्रामुख्याने त्या तिसऱ्या प्रश्नासाठी आहे. परंतु तेथवर पोहोचण्यासाठी आधी वाळवणाची रीत नीट समजून घेऊ.

वाळवणे म्हणजे काय?

ताज्या टोमॅटोत सुमारे ९४ ते ९५ टक्के पाणी असते. वाळवणात आपण हे पाणी काढून टाकतो. जीवाणू आणि बुरशी यांना वाढण्यासाठी पाणी लागते. ते मिळाले नाही की पदार्थ टिकतो. एक किलो टोमॅटो नीट वाळला, की साधारण ७० ते ८० ग्रॅम माल हाती येतो. हा आकडा कृपया लक्षात ठेवावा, कारण पुढचे सगळे गणित त्यावर उभे आहे. पाणी उडून जाते. पण साखर, आम्ल, पोटॅशियम आणि वाळवताना घातलेले मीठ त्या सत्तर-ऐंशी ग्रॅममध्येच राहते.

निवड आणि पूर्वतयारी

बाजारात दोन तऱ्हेचे टोमॅटो दिसतात. एक गोल, रसाळ, पातळ सालीचा, आंबट चवीचा. दुसरा लांबट, घट्ट, जाड गराचा. वाळवणासाठी दुसरा उत्तम, कारण त्यात पाणी कमी आणि गर अधिक असतो. फळ पूर्ण लाल, पण टणक असावे. फुटलेले, डागाळलेले, देठापाशी बुरशी धरलेले फळ ‘वाळवणात खपून जाईल’ म्हणून घेऊ नये. वाळवणाने पाणी जाते. बुरशीने सोडलेले विषारी घटक जात नाहीत.

फळे वाहत्या पाण्याखाली हाताने चोळून धुवावीत आणि कोरडी पुसावीत. देठाकडचा कडक भाग काढून साधारण पाऊण सेंटिमीटर जाडीच्या चकत्या कराव्यात. सगळ्या चकत्या सारख्या जाडीच्या असाव्यात. नाहीतर पातळ करपतात आणि जाड आतून ओल्या राहतात. बुळबुळीत गर आणि बिया चमच्याने काढून टाकल्या, तर वाळण्याचा वेळ बराच वाचतो. काढलेला गर त्याच दिवशी आमटीत घालावा.

यानंतर एक पायरी आहे, जी आपल्याकडे बहुधा गाळली जाते. एक लिटर थंड पाण्यात एक चहाचा चमचा लिंबूसत्त्व, म्हणजे वाण्याकडे मिळणारे सायट्रिक ॲसिड, विरघळवावे आणि चकत्या त्यात दहा मिनिटे बुडवून ठेवाव्यात. कच्च्या भाजीवर असणारे जुलाबाचे जंतू यामुळे वाळवणाच्या दरम्यान अधिक प्रमाणात मरतात. ज्या घरात सत्तरी ओलांडलेली व्यक्ती, लहान बाळ किंवा कर्करोगाचे उपचार घेणारा रुग्ण आहे, तेथे या दहा मिनिटांचा आळस करू नये.

ऊन, ओव्हन की वाळवणयंत्र?

उन्हात वाळवण्यासाठी दोन गोष्टी जुळून याव्या लागतात : तापमान किमान ३० अंश सेल्सिअस आणि हवेतील दमटपणा ६० टक्क्यांहून कमी. मार्च ते मे या काळात सोलापूर, नगर, जळगाव, नागपूर या भागांत या दोन्ही अटी सहज पुऱ्या होतात. मुंबई, ठाणे आणि कोकण किनारपट्टीवर ऊन कडक असले, तरी हवा दमट असते. तेथे पापड वाळतो, कारण तो मुळातच पातळ असतो आणि त्यात पाणी थोडे असते. टोमॅटोच्या रसाळ चकत्या मात्र चौथ्या दिवशीही चिकट राहतात आणि त्या चिकटपणात बुरशी धरते. किनाऱ्यावरच्या वाचकांनी उन्हावर विसंबून राहू नये, असा माझा स्पष्ट सल्ला आहे.

चकत्या स्टीलच्या ताटात, स्टीलच्या जाळीवर किंवा स्वच्छ सुती कापडावर एकमेकींना न चिकटतील अशा मांडाव्यात. ॲल्युमिनियमची परात आणि कल्हई नसलेले पितळेचे ताट नको. टोमॅटोच्या आम्लाने धातू पदार्थात उतरतो. जुन्या वर्तमानपत्राचा तर विचारही करू नये. छपाईच्या शाईतील घातक द्रव्ये ओलसर, आंबट पदार्थ फार लवकर शोषून घेतो. वरून बारीक जाळी किंवा मलमल ताणून बांधावी, म्हणजे माश्या आणि धूळ बसणार नाही. दिवसातून दोनदा चकत्या उलटाव्यात आणि सूर्यास्तापूर्वी ताटे घरात घ्यावीत, कारण रात्रीच्या गारव्यात चकत्या पुन्हा ओल ओढतात. देशावरच्या कडक उन्हात या कामाला दोन ते चार दिवस लागतात. मध्येच वळवाची सर आली आणि चकत्या भिजल्या, तर त्याच दिवशी त्या ओव्हनमध्ये वाळवून काढाव्यात. रात्रभर ओल्या राहिल्या असतील, तर टाकून द्याव्यात.

उन्हात वाळवलेल्या मालावर किड्यांची सूक्ष्म अंडी असू शकतात. म्हणून चकत्या पूर्ण वाळल्यावर ७० अंश तापमानाच्या ओव्हनमध्ये अर्धा तास ठेवाव्यात, अथवा हवाबंद पिशवीत भरून फ्रीजरमध्ये दोन दिवस ठेवाव्यात.

विजेचे वाळवणयंत्र असेल, तर ५५ ते ६० अंशांवर साधारण आठ ते बारा तासांत काम होते. जाड चकत्यांना अधिक वेळ लागतो. साध्या ओव्हनमध्ये सर्वांत कमी तापमान ठेवून दार किंचित उघडे ठेवावे, म्हणजे वाफ बाहेर पडते. मात्र घरात एकटीच वृद्ध व्यक्ती असताना किंवा लहान मूल वावरत असताना उघड्या दाराचा तापलेला ओव्हन तासन्‌तास चालू ठेवू नये. मायक्रोवेव्ह या कामाचा नव्हे. त्यात कडा करपतात आणि मध्यभाग कच्चा राहतो.

वाळले कसे ओळखावे?

चकती पूर्ण गार झाल्यावरच पाहावी, कारण गरम असताना ती मऊच लागते. फोडी म्हणून वापरायच्या असतील, तर चकती चामड्यासारखी लवचीक व्हावी. दाबली असता ओल येऊ नये आणि बोटाला चिकटू नये. पूड करायची असेल, तर ती कुरकुरीत होऊन कट्‌कन तुटली पाहिजे.

त्यानंतर बरणी दोन-तृतीयांश भरून झाकण लावावे आणि आठवडाभर रोज एकदा हलवावी. काचेच्या आतून ओल दिसली किंवा चकत्यांचे गठ्ठे झाले, तर माल पुरता वाळलेला नाही असे समजून पुन्हा वाळवावा. हा आठवडा गेला, की बरणी अंधाऱ्या, थंड, कोरड्या जागी ठेवावी. अशी बरणी सहा महिने चांगली राहते; फ्रीजमध्ये त्याहून अधिक. पूड लवकर ओल धरते. म्हणून सगळ्या चकत्यांची पूड एकदम करू नये, पंधरा दिवसांना पुरेल एवढीच करावी. पावसाळ्यात बरणीत ओला चमचा जाऊ देऊ नये. बुरशीचा एक जरी ठिपका दिसला, तरी पूर्ण बरणी फेकावी. ‘वरचे काढून खालचे वापरू’ हा काटकसरीचा विचार येथे महागात पडतो, कारण बुरशीचे धागे डोळ्यांना दिसतात त्याहून खोलवर गेलेले असतात.

तेलातला टोमॅटो : एक गंभीर इशारा

दक्षिण इटलीत टोमॅटो मीठ लावून उन्हात वाळवण्याची आणि तेलात मुरवण्याची जुनी परंपरा आहे. मॉलमध्ये मिळणाऱ्या बाटल्या पाहून आपल्याकडेही हौशी मंडळी तसे करू लागली आहेत : अर्धवट वाळलेल्या फोडी, सोललेल्या लसणाच्या पाकळ्या, वरून तेल, आणि बरणी ओट्यावर. हे कृपया करू नये.

मातीत ‘क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम’ नावाच्या जंतूचे बीजाणू असतात आणि लसणासोबत ते सहज घरात येतात. या जंतूला वाढण्यासाठी ओल लागते आणि प्राणवायू अजिबात नको असतो. तेलाखाली नेमकी हीच परिस्थिती निर्माण होते. कारखान्यात बनणाऱ्या बाटल्यांत आम्लता मोजून राखलेली असते. घरच्या बरणीत ती कोणी मोजत नाही. या जंतूने तयार केलेल्या विषाला वास नसतो, चव नसते, आणि वरून बुरशीही दिसत नाही. साधारण १२ ते ३६ तासांत दोन-दोन प्रतिमा दिसणे, पापण्या मिटू लागणे, जीभ जड होणे, गिळता न येणे अशी लक्षणे सुरू होतात आणि पुढे श्वासाचे स्नायूच थकतात. हा आजार विरळा आहे, परंतु झाला तर अतिदक्षता विभागाशिवाय पर्याय नसतो. म्हणून घरचा टोमॅटो कोरडाच साठवावा. तेल आणि लसूण आवडत असेल, तर खाण्यापूर्वी एका जेवणापुरते मिसळावे. उरलेच तर फ्रीजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवावे.

सत्त्व किती राहते?

टोमॅटोला लाल रंग देणारे लायकोपिन हे द्रव्य उष्णतेने फारसे नष्ट होत नाही. उलट शिजवलेल्या आणि थोड्या तेला-तुपासह खाल्लेल्या टोमॅटोतून ते शरीरात अधिक चांगले शोषले जाते. मात्र प्रकाशात बरणी ठेवली, तर रंग काळपटतो आणि हे द्रव्यही कमी होते. जीवनसत्त्व ‘क’ नाजूक. उन्हात वाळवताना त्याचा बराच भाग जातो. त्यासाठी लिंबू, आवळा, पेरू आहेतच. आणि एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगतो : टोमॅटोची पूड कोणताही आजार बरा करत नाही. मोबाईलवर फिरणाऱ्या संदेशांत तिला औषधाची पदवी बहाल केलेली असते. प्रत्यक्षात ती चवीची वस्तू आहे, आणि चवीची वस्तू असणे हेही वयोवृद्धांच्या बाबतीत लहान काम नव्हे.

कारण वय वाढते तशी जीभ बोथट होते, वास कमी येतो, गोळ्यांनी तोंडाची चव जाते. त्यातच रक्तदाबासाठी मीठ कमी केलेले असते. मग ताटातले अन्न तसेच उरते, वजन उतरते, पाय लटपटू लागतात, आणि कुटुंबाला वाटते की हे केवळ वयामुळे होत आहे. वाळलेल्या टोमॅटोत आंबट, गोड आणि मांसल अशी दाट चव एकवटलेली असते. वरणात, पिठल्यात किंवा मऊ भातावर थोडी पूड घातली, तर कमी मिठातही घास गोड लागतो. मात्र त्यासाठी वाळवताना मीठ घालता कामा नये. एक किलो चकत्यांवर चहाचा एक चमचा, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम मीठ भुरभुरले, तर ते पाऊणशे ग्रॅम मालात एकवटते. मग पुडीच्या प्रत्येक पोह्याच्या चमच्यात जवळपास अर्धा ग्रॅम मीठ येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार प्रौढ माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमहून कमी मीठ खावे. त्याचा दहावा हिस्सा एका चमच्यात गेला!

कोणी जपून खावे?

आता मूळ मुद्द्याकडे येतो. ताज्या टोमॅटोच्या १०० ग्रॅममध्ये साधारण २४० मिलिग्रॅम पोटॅशियम असते. वाळलेल्या टोमॅटोच्या १०० ग्रॅममध्ये ते ३,४०० मिलिग्रॅमच्या आसपास जाते. निरोगी माणसाला पोटॅशियम उपकारकच आहे. रक्तदाब आटोक्यात ठेवण्यास त्याची मदत होते. जास्तीचे पोटॅशियम मूत्रपिंडे लघवीवाटे बाहेर टाकतात. परंतु ज्यांची मूत्रपिंडे थकली आहेत, त्यांच्या रक्तात ते साचत जाते आणि प्रमाणाबाहेर गेले, की हृदयाची लय बिघडवते. पुष्कळदा पूर्वसूचना न देता.

माझ्याकडे नियमित येणाऱ्या एका आजींची हकिगत सांगतो. वय चौऱ्याहत्तर, वीस वर्षांचा मधुमेह, मूत्रपिंडांचे काम मंदावलेले, रक्तदाबासाठी टेल्मिसार्टनची गोळी. मीठ कमी करायचे ठरल्यापासून आजींचे जेवण निम्म्यावर आले होते. सून कष्टाळू आणि मायेची. तिने दोन उपाय शोधले. साधे मीठ बंद करून कमी सोडियमचे मीठ आणले आणि उन्हाळ्यात वाळवलेल्या टोमॅटोची पूड आमटीत, भाजीत, सारात, भातावर घालू लागली. आजी पुन्हा पोटभर जेवू लागल्या. घर आनंदले. तीन आठवड्यांनी आजींच्या पायांतले बळ गेले; न्हाणीघरातून उठता येईना. रक्त तपासले, तेव्हा पोटॅशियम ६.१ निघाले. सामान्यतः ते ५ च्या आत असावे. दोन दिवस रुग्णालयात काढावे लागले, सुदैवाने निभावले.

नंतर हिशेब मांडला, तेव्हा उलगडा झाला. दिवसाकाठी पाच-सहा चमचे पूड पोटात जात होती. एक पोह्याचा सपाट चमचा भरून पूड म्हणजे सुमारे ७ ग्रॅम, आणि ७ ग्रॅम पूड म्हणजे जवळपास १०० ग्रॅमचा एक आख्खा टोमॅटो. आजी रोज अर्धा किलोहून अधिक टोमॅटो खात होत्या, आणि ते कोणाच्याही ध्यानी आले नव्हते, कारण ताटात टोमॅटो दिसतच नव्हता. कमी सोडियमच्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेले असते. त्याची भर वेगळी. आणि टेल्मिसार्टन शरीरातून पोटॅशियम बाहेर जाण्याचे प्रमाण कमी करते. तिन्ही गोष्टी आपापल्या जागी निर्दोष होत्या. एकत्र आल्या म्हणून घातक ठरल्या. रुग्णालयातून घरी जाताना आजी मला हळूच म्हणाल्या, “सुनेला काही बोलू नका हो डॉक्टर, तिच्यामुळंच मी चार घास जेवत होते.”

त्यांचे म्हणणे खरे होते. म्हणून आम्ही टोमॅटो बंद केला नाही, मोजला. कमी सोडियमचे मीठ बंद केले. पूड दिवसातून एकच चहाचा चमचा, तीही ज्या पदार्थाने आजींना जेवावेसे वाटते त्या वरणात. बाकी आंबटपणासाठी वाढताना लिंबाचे चार थेंब. लिंबाचे एवढ्या थोड्या प्रमाणातले पोटॅशियम नगण्य असते. चिंच मात्र नको, तीत पोटॅशियम भरपूर असते. दर महिन्याला रक्ततपासणी ठरली. आजी आजही जेवतात आणि चालतात.

या अनुभवातून काढता येणारे नियम असे :

मूत्रपिंडाचा आजार असल्यास, किंवा टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, एनालाप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांपैकी एखादे औषध चालू असल्यास, वाळलेला टोमॅटो रोजच्या आहारात आणण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे. रक्तातील क्रिएटिनिन आणि पोटॅशियम या दोन तपासण्या झाल्या, की उत्तर देणे सोपे जाते. औषध स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नये. मूत्रपिंडे ठीक असलेल्या बहुतेकांना या गोळ्यांबरोबर एखादा चमचा पूड चालते.

कमी सोडियमचे मीठ वैद्यकीय सल्ल्याशिवाय वापरू नये. तसेच मीठ एकदम पूर्ण तोडूही नये. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या वृद्धांच्या रक्तातले सोडियम खाली जाऊन गुंगी येण्याचे, असंबद्ध बोलण्याचे प्रसंग मी पुष्कळ पाहिले आहेत.

आम्लपित्ताचा, छातीत जळजळीचा त्रास असणाऱ्यांपैकी काहींना टोमॅटो सोसत नाही. त्यांनी रात्रीच्या जेवणात तो टाळावा आणि जेवणानंतर लगेच आडवे होऊ नये.

पक्षाघात, कंपवात किंवा स्मृतिभ्रंश असलेल्या रुग्णांना चामड्यासारख्या फोडी देऊ नयेत; त्या घशात अडकू शकतात. कवळीलाही त्या चिकटतात. फोडी गरम पाण्यात अर्धा तास भिजवून, शिजवून, वाटून, गाळून द्याव्यात. कोरडी पूड थेट तोंडात टाकू नये. ठसका लागून ती श्वासमार्गात जाऊ शकते.

दम्याच्या रुग्णांनी विकतचा वाळलेला टोमॅटो घेताना वेष्टनावर सल्फाइटचा उल्लेख आहे का ते पाहावे. रंग टिकवण्यासाठी ते घालतात आणि काहींना त्याने धाप लागते. घरच्या वाळवणाला त्याची गरज नसते.

आणि एक दिलासा. ‘टोमॅटोच्या बियांनी मुतखडा होतो’ ही समजूत घट्ट रुजली आहे. खाल्लेली बी मूत्रपिंडात जात नाही. ती आतड्यातून बाहेर पडते. खड्यांशी संबंधित ऑक्झलेट टोमॅटोत पालकाच्या तुलनेत फारच थोडे असते. खडे होण्याची प्रवृत्ती असणाऱ्यांनी आधी पाणी पुरेसे पितो का, हे पाहावे.

भूक मंदावलेल्यांसाठी सार

ज्यांना वरीलपैकी अडचण नाही, त्यांच्यासाठी एका माणसाचे सार सांगतो. दीड वाटी पाण्यात एक पोह्याचा चमचा पूड दहा मिनिटे भिजू द्यावी. मग मंद आचेवर पाच मिनिटे उकळावी. चहाचा एक चमचा तूप तापवून त्यात जिरे, चिमूटभर हिंग आणि कढीपत्त्याची पाने घालून फोडणी द्यावी. गुळाचा लहानसा खडा घालावा. मधुमेह असल्यास वगळावा. मीठ सर्वांत शेवटी, चव पाहून. पूर्वी लागत असे त्याच्या निम्म्यात भागते, असे बहुतेकांच्या लक्षात येईल. जेवणापूर्वी अर्धी वाटी कोमट सार घेतले, की तोंडाला चव येते.

वाळवण करणाऱ्या हातांची काळजी

शेवटी एक विनंती काळजीवाहकांना. वाळवण हे आपल्याकडे घरातल्या ज्येष्ठ स्त्रियांचे राज्य. गच्चीवर जाऊ नका, विळीवर बसू नका, उन्हात थांबू नका, असे नकार आपण त्यांच्यापुढे मांडतो, आणि प्रत्येक नकारात तथ्यही असते. एप्रिलच्या दुपारी गच्चीत वाकून काम करताना भोवळ येते. लघवीच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांनी तो धोका वाढतो. ओले ताट हातात घेऊन जिना उतरताना पाय घसरला, तर मांडीचे हाड मोडते आणि त्यानंतरची कहाणी मोठी असते. परंतु सगळेच काम काढून घेतले, तर माणूस घरात असून नसल्यासारखा होतो, हेही तितकेच खरे.

तेव्हा काम वाटून घ्यावे. आजींनी खुर्चीत बसून, टेबलावर, दातेरी सुरीने चकत्या कराव्यात; दातेरी सुरीला सांधेदुखीच्या बोटांचा जोर कमी लागतो. मांडणेही त्यांनीच करावे. ताटे गच्चीवर नेणे-आणणे तरुणांनी करावे : सकाळी नऊच्या आत ठेवावीत आणि संध्याकाळी पाचनंतर उचलावीत. दुपारी बारा ते चार या वेळात वृद्धांनी उन्हात जाऊ नये. चकत्या उलटायला नातवंडांना पाठवावे. स्मृतिभ्रंशाची सुरुवात असलेल्या व्यक्तीलाही चकत्या ओळीने मांडण्याचे काम पुष्कळदा छान जमते, कारण हातांना ते वर्षानुवर्षे ठाऊक असते. सुरी मात्र त्यांच्या हाती देऊ नये. आणि वाळले की नाही, याचा अखेरचा निवाडा आजींकडेच ठेवावा. तो अधिकार त्यांचा आहे, आणि बहुधा तो अचूकही असतो.

बरणीवर चिकटपट्टी लावून त्यावर तीन गोष्टी लिहाव्यात : वाळवल्याची तारीख, मीठ घातले आहे की नाही, आणि ‘१ पोह्याचा चमचा = १ टोमॅटो’. पुढच्या वेळी दवाखान्यात याल, तेव्हा औषधांच्या पिशवीबरोबर मिठाची पुडी आणि ही बरणी यांचाही उल्लेख अवश्य करा. आपण रोज काय खातो, हे डॉक्टरांना आपणहून सांगणे हाही उपचाराचाच भाग आहे.